लक्ष्मणराव किर्लोस्कर : दोन नकार आणि एक कारखाना

बेळगावच्या बाजारपेठेत किर्लोस्कर रोड या नावाचा एक रस्ता आहे. चोर्ला घाट चढून खरेदीला जाणाऱ्या गोव्यातील मंडळींनाही तो परिचित आहे. किर्लोस्कर हे नाव ऐकताच पुष्कळांना संगीत सौभद्र आणि अण्णासाहेब आठवतात, आणि ते स्वाभाविकच होय. अण्णासाहेबही याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. परंतु या शहरात सायकलींचे दुकान थाटून पुढे देशाच्या शेतीला लोखंडी नांगर देणारे किर्लोस्कर ते लक्ष्मणराव. नाट्यगृहातील किर्लोस्करांचे स्मरण आपण वारंवार करतो. यंत्रशाळेतील किर्लोस्करांचे स्मरण या दिवसांत करावेसे वाटते, त्याला एक निमित्त आहे.

बेळगाव एकेकाळी थंड हवेचे गाव म्हणून ओळखले जाई. आता मार्च उजाडला की तेथेही, निपाणीतही, आणि आपल्याकडे तर त्याआधीच, घरोघरी एसी बसविणाऱ्यांची धावपळ सुरू होते. दोन माणसे येतात, सोबत शिडी, ड्रिल यंत्र आणि तांब्याच्या नळीचे वेटोळे असते. दोन-तीन तासांत काम उरकते, खोली गार होते, पैसे दिले जातात. त्या यंत्राला वीज देणारी तार कोणी ओढली आणि त्याच्यापाशी ती ओढण्याचा परवाना होता की नाही, हे सहसा कोणी विचारीत नाही. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते : मुलाचा हात चांगला आहे, वर्षानुवर्षे हेच काम करतो, कागद काय करायचा आहे?

हा युक्तिवाद एका फटक्यात धुडकावून लावण्याजोगा नाही. त्याच्या बाजूने उभा राहणारा पहिला साक्षीदार बेळगावचाच आहे. अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या लक्ष्मणरावांनी कारखाना उभारला आणि त्यांचे कित्येक सहकारीही पदवीवाचूनच घडले. मात्र साक्षीदाराला मध्येच थांबवू नये. त्यांची साक्ष शेवटपर्यंत ऐकली की ती कुठल्या बाजूला झुकते याविषयी आपला पहिला अंदाज बदलतो.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर येथे झाला. घराणे मूळचे मालवणकडील किर्लोस गावचे; घाट चढून मलप्रभेच्या खोऱ्यात स्थिरावलेले. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरातील मुलाने संस्कृत शिकावे, सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळची रीत. या मुलाचे मन मात्र चित्रांत आणि यंत्रांत रमे. १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

तेथे दोन वर्षे गेली आणि पहिला नकार समोर आला. लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नसे; ते अंशतः रंगांध होते. चित्रकार व्हायला निघालेल्या तरुणाला याहून क्रूर निदान कोणते असणार? परंतु हे निदान खरे होते. कोणाच्या आकसातून ते आलेले नव्हते, वशिल्याने ते टळणारे नव्हते. लक्ष्मणरावांनी ते मान्य केले, रंग बाजूला ठेवले आणि ज्या विद्येला रेषेची अचूकता पुरेशी होती ती यंत्रचित्रणाची विद्या धरली. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. याच संस्थेत ते यंत्रचित्रण शिकवू लागले. तेथील यंत्रशाळेत मोकळा वेळ घालवावा, यंत्रे उघडावीत, जोडावीत, इंग्रजीतील यंत्रविषयक पुस्तके वाचावीत, असा त्यांचा क्रम होता. त्यांची खरी शाळा ती. परीक्षा नव्हती, पण चूक झाली तर यंत्र चालत नसे, आणि याहून कठोर परीक्षक शोधून सापडायचा नाही.

याच काळात मुंबईत सायकलींचे नवल पसरले होते. लक्ष्मणरावांनी त्या घेऊन बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली. रामूअण्णांनी त्या विकाव्यात आणि गिऱ्हाइकाला त्यावर बसायलाही शिकवावे. १८८८ हे किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचे आरंभवर्ष मानले जाते ते या दुकानावरून. वस्तू विकली की संबंध संपला, असे या दुकानाने पहिल्यापासून मानले नाही. सायकल घेतलेला माणूस पडला तर त्याचा दोष थोडासा विकणाऱ्याकडेही येतो, एवढी साधी समज त्यामागे होती. एसी विकणाऱ्या दुकानांसाठी ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवतो.

दुसरा नकार आला १८९७ साली. संस्थेत बढतीची जागा रिकामी झाली. लक्ष्मणरावांचे काम, ज्ञान आणि अनुभव पाहता ती त्यांना मिळायला हवी होती. ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. येथे परीक्षा कशाची झाली? यंत्राच्या ज्ञानाची नव्हे, जन्माची झाली. अठराव्या वर्षी डोळ्यांचा निवाडा निमूट स्वीकारणाऱ्या लक्ष्मणरावांनी अठ्ठाविसाव्या वर्षी हा निवाडा स्वीकारला नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

माझ्या मते या दोन नकारांच्या मधल्या अंतरात लक्ष्मणरावांचे सारे चरित्र सामावले आहे. जी कसोटी कामाला लागणारा गुण तपासते तिच्यापुढे मान तुकवावी, आणि जी कसोटी गुणाचा आव आणून भलतेच काही तपासते तिला नमस्कार करून चालू लागावे, असा विवेक त्यांच्यापाशी होता. प्रमाणपत्र, परवाना, पदवी यांविषयी आज आपण जे वाद घालतो त्यांत नेमका हाच विवेक हरवलेला असतो. काहींना प्रत्येक कागद पवित्र वाटतो, काहींना प्रत्येक कागद लाचखोरीचे निमित्त वाटते. कागद कशाची परीक्षा घेऊन दिला गेला, हे दोघेही पाहत नाहीत.

बेळगावात लक्ष्मणरावांनी छोटी यंत्रशाळा सुरू केली. जनावरांचा कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग १९०३ साली लोखंडी नांगर. लोखंडाचा फाळ जमिनीत गेला तर जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर तयार झाले आणि पडून राहिले. निपाणीच्या तंबाखूच्या शेतांपासून कृष्णाकाठच्या काळ्या रानापर्यंत नंतर जो नांगर घरचा झाला त्याला आरंभी कोणी हात लावायला तयार नव्हते. या शंकेची चेष्टा करण्याचे कारण नाही. ज्याचे पोट जमिनीवर आहे त्याने नव्या वस्तूकडे संशयाने पाहावे, हे शहाणपणच होय. त्या संशयाला उत्तर एकच : नांगर शेतात चालवून दाखवायचा, मोडला तर का मोडला ते शोधायचे आणि पुन्हा ओतायचा. लक्ष्मणरावांनी तेच केले.

व्यवसाय जरा स्थिर होतो तोच बेळगावातील कारखान्याची जागा शहराच्या वाढीसाठी सोडावी लागली. ज्या गावात बावीस वर्षांपूर्वी सायकलीपासून आरंभ झाला तेथून उठण्याची वेळ आली. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना आपल्या राज्यात बोलावून घेतले, कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ बत्तीस एकर माळ दिला आणि दहा हजार रुपयांचे कर्ज बिनव्याजी दिले. १९१० साली ते त्या माळावर उतरले. निवडुंग, साप आणि पाण्याची वानवा एवढेच तेथे होते. आज वास्कोहून गोवा एक्सप्रेसने लोंढा, बेळगाव, मिरज करीत पुण्याकडे जाताना खिडकीतून किर्लोस्करवाडी ही पाटी दिसते, ते हेच जुने कुंडल रोड.

या माळावर लक्ष्मणरावांनी जी माणसे जमविली त्यांची यादी एखाद्या परीक्षा मंडळाला लाजविणारी आहे. परदेशी इंजिने उलगडून त्यांचा अभ्यास करणारे शंभोराव जांभेकर तेथे अभियंते झाले. शाळेच्या परीक्षेत न टिकलेले के. के. कुलकर्णी विक्री आणि व्यवस्था सांभाळू लागले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रज्ञ ठरले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब चोख ठेवले, रामूअण्णांनी वसाहतीची आखणी केली. दरोडेखोर म्हणून शिक्षा भोगलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यावर राखणीची जबाबदारी सोपविली गेली आणि त्यांनी ती निष्ठेने पार पाडली. अस्पृश्यतेला त्या वसाहतीत थारा नव्हता. जन्माच्या कसोटीने स्वतः दुखावलेल्या माणसाने ती कसोटी आपल्या कुंपणाच्या आत येऊ दिली नाही.

एसी बसविणाऱ्या कुशल पण विनापरवाना तरुणाची बाजू मांडणाऱ्याला ही यादी फार आवडेल. परंतु या यादीला दुसरी बाजू आहे. किर्लोस्करवाडीत शाळेचा दाखला नसलेला माणूस यंत्रावर उभा राहू शकत होता. मात्र त्याच्यावर नजर ठेवणारा जाणकार तेथे रोज हजर असे, आणि त्याच्या हातून उतरलेला तुकडा दुसऱ्याच्या हातात तपासला जाई. कारखान्याची भिंतच त्या माणसाची हमी होती. घरी येणाऱ्या एसीवाल्याच्या पाठीशी अशी भिंत नसते. तो गेल्यावर त्याने केलेले काम प्लास्टरच्या आत आणि फॉल्स सीलिंगच्या वर लपलेले असते, आणि ते तपासणारा पहिला माणूस बहुधा घरातलाच कोणीतरी असतो, ओल्या हाताने.

आणखी एक गोष्ट. पदवीवाचून मोठ्या झालेल्या लक्ष्मणरावांनी मुलगा शंतनुराव आणि पुतण्या माधव यांना शिक्षणासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पाठविले. १९२६ साली शंतनुराव तेथून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन आले. आपल्याला जे मिळाले नाही ते निरुपयोगीच होते, असा समज करून घेण्याचा मोह स्वकष्टाने मोठ्या झालेल्या माणसांना होतो. लक्ष्मणरावांना तो झाला नाही.

नांगरांनंतर उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पंप, इंजिने अशी यादी वाढत गेली. तिचे तपशील ठाऊक असलेले वाचक पुष्कळ आहेत, म्हणून ते येथे आवरतो. याच वाडीतून १९२० साली मासिक निघाले आणि शंकरराव किर्लोस्करांनी ते महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचविले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९४६. त्या वर्षी बंगळुरूला किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली आणि घराणे लोखंडाकडून विजेकडे वळले. रंग न ओळखता आल्यामुळे चित्रकला सोडलेल्या माणसाच्या घरातून विजेच्या मोटारी बाहेर पडू लागल्या. विजेच्या तारेत रंग हीच भाषा असते, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. लाल, पिवळी किंवा निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. येथे रंगाची चूक झाली तर चित्र बिघडत नाही, माणूस जातो. जे. जे. स्कूलमध्ये सतराव्या-अठराव्या वर्षी कळलेली ती उणीव एखाद्या वायरमनला त्याच्या कामात कधीच कळली नाही तर काय होईल, याची कल्पना केली की परवान्यापूर्वीची परीक्षा कशासाठी असते ते वेगळे सांगावे लागत नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यानंतर छत्तीस दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना अमलात आली. ज्या बेळगाव जिल्ह्यात ते जन्मले तो त्यांच्या हयातीत मुंबई राज्यात होता. त्या दिवशी तो निपाणीसह म्हैसूर राज्यात गेला. सीमाभागाच्या दुखण्याचा आरंभ तेथून झाला, आणि ते दुखणे लक्ष्मणरावांनी पाहिले नाही. त्याच १९५६ साली भारतीय वीज नियम जारी झाले. त्यांतील पंचेचाळिसावा नियम आजच्या एसीवाल्याचा नियम होय.

तो नियम साधा आहे. घरातील दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा लहान उपकरण बदलायचे असेल आणि त्याने घरातील वीजव्यवस्थेची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल, तर परवान्याची गरज नाही. त्यापलीकडचे काम, म्हणजे नवी जोडणी, वाढ, फेरफार वा दुरुस्ती, राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि सरकारने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. २००३ च्या वीज कायद्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सुरक्षेचे नवे विनियम आणले. तरतुदीचा गाभा तोच राहिला. गोव्याला हे नियम पोर्तुगीज राजवट संपल्यावर, म्हणजे १९६१ नंतर लागू होण्याचा मार्ग मोकळा झाला.

एसीच्या बाबतीत गोंधळ होतो तो येथे. जुना एसी काढून त्याच जागी, त्याच तारेवर तेवढ्याच क्षमतेचा नवा लावणे हे एक काम. पूर्वी नसलेल्या खोलीत वितरण पेटीपासून स्वतंत्र तार ओढून सोळा अँपिअरचा पॉइंट आणि त्याचा एमसीबी बसविणे हे अगदी वेगळे काम, आणि ते नियमाच्या कक्षेत येते. गॅस भरणारा, तांब्याची नळी जोडणारा कारागीर आपल्या विद्येत निपुण असेल. आयटीआयमध्ये त्याचा अभ्यासक्रमच वेगळा असतो, वायरमनचा वेगळा. दीड टनी एसी साधारण दीड किलोवॅटच्या आसपास वीज घेतो आणि रात्रभर घेत राहतो. पंखा आणि दिव्यासाठी घातलेल्या जुन्या बारीक तारेला तो भार सोसत नाही. तार भिंतीच्या आत तापत राहते.

त्याहून मोठा धोका बाहेर टांगलेल्या युनिटचा. ते कंप पावते, ऊन-पाऊस खाते, लोखंडी ब्रॅकेटवर बसलेले असते, आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायची तार पुष्कळदा शेजारीच असते. आतल्या फेजच्या तारेचे आवरण झिजून ती पत्र्याला टेकली आणि अर्थिंग जोडलेलेच नसेल, तर तो पत्रा जिवंत होतो. एमसीबी पडत नाही, कारण त्याचे काम तारेला वाचविण्याचे, माणसाला नव्हे. माणसाला वाचविणारे उपकरण म्हणजे तीस मिलिअँपिअरच्या गळतीवर तुटणारे आरसीसीबी. बेळगावच्या आणि गोव्याच्या पावसाळ्यात हा फरक जन्ममरणाचा असतो. परवानाधारक ठेकेदार काम संपल्यावर तारांचे रोधन आणि अर्थिंग मोजून चाचणी अहवाल देतो. परवान्याचे खरे मोल त्या मोजणीत आहे. ठेकेदाराची केवळ सही आणून कागद पुरा केला आणि मोजणी झालीच नाही, तर तो कागद १८९७ च्या बढतीइतकाच पोकळ ठरतो.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. परवाना देणारे सरकार राज्याचे, आणि येथे राज्याची रेघ घरांच्या मधून गेल्यासारखी जाते. निपाणीचे म्हणून ओळखले जाणारे देवचंद महाविद्यालय प्रत्यक्षात अर्जुननगरला, महाराष्ट्रातील कागल तालुक्यात आहे. गावात हेस्कॉमची वीज, महाविद्यालयाकडे गेले की महाराष्ट्र. कर्नाटकच्या विद्युत निरीक्षणालयाचा परवाना असलेल्या वायरमनने तेथे किंवा घाट उतरून गोव्यात काम घ्यायचे, तर तो परवाना त्या राज्याने मान्य केलेला असावा लागतो. तो आपोआप चालतो असे गृहीत धरता येत नाही. एका राज्याच्या परीक्षेत उतरलेला हात दोन मैलांवर अनोळखी ठरावा, हे पाहून लक्ष्मणरावांना आपला दुसरा नकार आठवला असता, असे म्हणण्याचा मोह होतो. ओहमचा नियम कोगनोळीच्या नाक्यावर बदलत नाही. परवान्यांना परस्पर मान्यता सहज आणि जलद मिळावी, ही सीमाभागातील कारागिरांची अपेक्षा रास्त आहे. परीक्षाच नको, ही मागणी मात्र तिच्याबरोबर येऊ नये.

लक्ष्मणरावांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९५८ साली, किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी स्थापन झाली आणि पुढे हवा दाबणारी व थंडावा निर्माण करणारी कॉम्प्रेसर यंत्रे करू लागली. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने लक्ष्मणरावांच्या नावे तिकीट काढले. बेळगावात त्यांच्या आडनावाचा रस्ता आहे. त्या रस्त्याच्या आसपास या उन्हाळ्यात एसी विकत घेणाऱ्याने दुकानदाराला यंत्राच्या किमतीबरोबरच वायरमनचा परवाना आणि चाचणी अहवाल यांविषयीही विचारावे. सायकल विकून ती चालवायलाही शिकविणाऱ्या दुकानाचे हे गाव आहे.